कॅलेंडरवरचा तलाव

टॉवरचा पाया अजून खणायचा होता, पण बिल्डरला जाहिरातीसाठी ‘घरातून दिसणारा तलाव’ हवाच होता. मी सेल्समध्ये नवीन होतो. मला पवईच्या टेकडीवरची शांताआत्याची खोली आठवली. तिच्या खिडकीतून अख्खा तलाव दिसायचा.

आत्याने खिडकीत वाळत घातलेले कपडे स्वतः काढले, मला चहा दिला आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, “आमचा मिथुन मोठ्या कंपनीत लागलाय.”

फोटो झकास आला. खाली ‘हा तलाव आता तुमचा’ असं छापून तो होर्डिंगवर लागला, कंपनीच्या कॅलेंडरवरही आला. निम्मे फ्लॅट त्या फोटोवरच विकले गेले. मला प्रमोशन मिळालं. आत्याकडे जायचं मात्र राहूनच गेलं.

काल तीन वर्षांनी गेलो, तेही यंदाचं कॅलेंडर द्यायचं निमित्त काढून. टॉवर आता चोवीस मजले उभा आहे, नेमका तिच्या खिडकीसमोर. धूळ येते म्हणून तिने खिडकी कायमची लावून घेतलीय. बंद फळ्यांवर माझ्या फोटोचं, मी तेव्हा पोस्टाने पाठवलेलं जुनं कॅलेंडर टांगलंय.

मी मान खाली घालून नवं कॅलेंडर पुढे केलं. तिने ते उलगडून पाहिलं. यंदा त्यावर स्विमिंग पूल होता.

“हे नको रे, जुनंच राहू दे,” असं म्हणत तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

 

“बरं झालं बघ मिथुन, तू तेव्हा फोटो काढून ठेवलास.”