पहिला गिअर

दसऱ्याची पूजा आटोपली. सुनंदाने मोटरसायकलला झेंडूचा हार घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा आता."

अपघाताला अकरा महिने झाले होते. माणिकच्या डाव्या घोट्यात अजून स्टीलची पट्टी होती, पण गाडी एका दमात चालू झाली. दर रविवारी सुनंदाच ती दहा मिनिटं चालू ठेवायची. "तुम्ही बरे व्हाल तेव्हा बॅटरी उतरलेली नको," म्हणायची.

पहिला गिअर दाबून पडला, लिंबू चिरडलं. दुसऱ्यासाठी गिअरची दांडी डाव्या पायाच्या पंजाने वर उचलायची होती, आणि पंजा उचलेना. कोपऱ्यापर्यंत त्याने तीनदा जोर लावून पाहिला. बूट दांडीखाली नुसता थरथरत राहिला, इंजिन किंचाळत राहिलं.

"बरं करतोस, सावकाशच चालव," ओट्यावरून शेजारचे तात्या म्हणाले. तो हसला आणि देवळाला वळसा घालून तसाच परत आला.

"कशी चालली?"

"झकास."

एकोणीस वर्षं ती त्याच्या मागे बसली होती. गिअर कधी बदलतो, हे तिला आवाजावरून कळायचं. तिने हार उतरवला आणि गाडीवर कव्हर घातलं. रविवारी पुन्हा काढायचंच म्हणून कव्हरच्या नाड्या ती आजवर मोकळ्याच ठेवायची. आज खाली बसून ती एकेक गाठ मारू लागली.

माणिक लंगडत पलीकडे गेला, वाकला आणि चाकाखालून दुसरी नाडी त्याने तिच्या हातात दिली.