हलकं काम

युद्धाची वर्षं. फॅक्टरीसाठी माणसं गोळा करणारा एक जण चेरीतालला भानुमतीबाईंच्या घरी येऊन बसला. नातू बंडू डबा घेऊन तयारच होता.

"काम काय?" बाईंनी विचारलं.

"बैठके कारतूस पोंछना है, अम्माजी. हलका काम है."

"मलेही हलकंच सांगितलं होतं. कलकत्त्याजवळ साखर चाळायची म्हणे. जहाजातून उतरवलं ते वेस्ट इंडीजला, जॉर्जटाउनच्या बंदरात. दहा वर्षं ऊस तोडला."

"आजी, काहून अडवून राहिली?" बंडू चिडला. "फॅक्टरी इथंच तर आहे."

"गेटपर मेरा नाम बताना," माणूस हसला. "शामको घर आ जाएगा."

"अच्छा." बाईंनी बंडूला जाऊ दिलं, दाराला आतून कडी घातली आणि पाट पुढे सरकवला.

"मग तोवर तुम्ही इथंच बसा."