मनगटावरची काळजी

गोदामातल्या काकांना आलेला हृदयविकाराचा झटका हातातल्या फिटनेस बँडमुळे वेळेत कळला आणि ते वाचले. तेव्हा कंपनीने सगळ्यांनाच बँड वाटले. अकाउंट्समधली ती तर तो झोपतानाही काढत नसे. तिचे वडील हृदयविकारानेच गेले होते.

साहेब कागद बघायच्या निमित्ताने तिच्या खुर्चीमागून वाकायचे, "बाहेर जेवायला येतेस?" विचारायचे. ती अंग चोरून घ्यायची. पण चेहऱ्यावर काही म्हणता काही न दाखवता ती म्हणायची, "नको सर."

आज साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. त्यावर तिच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख होता.



"मी जवळ आलो की कसं धडधडतं बघ तुझं! मग उगाच नको नको काय करतेस गं?"