जांभळा उजेड

ताईने जांभळा दिवा लावला आणि काचेच्या नळीतलं गढूळ पाणी बघता बघता नितळ झालं. नळीत भाचीच्या, छकुलीच्या, यकृतात साठते तीच चरबी होती. ती पचवणारं एन्झाइम ताईने पॉलिमरच्या कवचात गुंडाळून नळीत घातलं होतं; कवच उजेडात उघडायचं, अंधारात मिटायचं. मोकळं सोडलं तर ते पोरीच्याच जिवावर उठलं असतं. छकुलीचा बाप, ताईचा भाऊ, हरखला. "जिंकलीस की गं ताई! छकुलीला कधी टोचतेस?" ताईने मान हलवली. "अरे, उजेड यकृतापर्यंत पोचतच नाही." "हात्तिच्या! मोठा दिवा लाव." "लावला. उंदरांची कातडी भाजली." भावाला पटेना. त्याने दुसरी तशीच गढूळ नळी ठेवली आणि दिवा आणि नळीच्या मध्ये स्वतःचा तळहात धरला. पाणी गढूळच राहिलं. "थांब, होईल," तो पुटपुटला. खांद्याला रग लागली, तरी तो हात खाली घेईना. ताईलाही दिवा विझवायचा धीर होईना.