चार हात जास्त

इस्तंबूलच्या भूकंपात पडलेला मिनार आता फक्त गराबेदच्या जलरंगातल्या चित्रात उभा होता. चित्र उद्या फ्रेंच राजदूताकडे जाणार, म्हणून मिनार पुन्हा बांधणारा रुस्तुम गवंडी आजच मापं घ्यायला कर्कटक घेऊन त्यावर वाकला.

गराबेदची कानशिलं तापली. राजदूतांना सडपातळ मिनार आवडतात, म्हणून तो ते नेहमीच ताणून काढायचा. सांगावं तर त्याची सगळीच चित्रं खोटी ठरणार. न सांगावं तर जुन्या पायावर नसती उंची चढणार.

“उस्ताद, थांबा. मी तो चार हात वाढवलाय.”

“ठाऊक आहे. पडलेले थर मोजून आलोय,” रुस्तुम म्हणाला. “पण सज्ज्याखालच्या नक्षीचा पार चुरा झालाय. गराबेद एफेंदी, ती तरी खरी काढलीत ना?”

“तशीच्या तशी.”

रुस्तुमने पुन्हा विचारलं नाही. कागद पसरून तो नक्षी उतरवू लागला.