परड्यातला आंबा

उचगावात मे महिन्याच्या भर दुपारी लाइट गेली आणि पाठोपाठ जनरेटरही बंद पडला. काचेच्या त्या सहामजली ऑफिसात उघडणारी खिडकी एकही नव्हती. घामाघूम माणसं खाली उतरली आणि शेजारच्या आकाराम आबांच्या परड्यात, आंब्याखाली जाऊन उभी राहिली.

आबा काठी आपटत बाहेर आले. "एसीची तक्रार घिऊन आलो तवा गेटवरनं हाकललासा. आता माझ्या परड्यात?"

"आबा, वर जीव गुदमरतोय. घटकाभर सावलीत थांबू द्या की," मॅनेजर धैर्यशील म्हणाला.

"थांबा की. पर हितं न्हाय, तिकडं."

आबांनी काठीनं झाडाची ऑफिसकडची बाजू दाखवली. एसीच्या गरम हवेनं तिथल्या फांद्या वाळून पार काटक्या झाल्या होत्या.

"तुमच्या वाटणीची सावली ती हाय."