सावकाश घास

शेजारच्या शाळेची घंटा वाजली आणि दिगंबरराव तोंडातला घास तसाच गिळून ताटावरून उठले. अग्निशमन दलातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण घंटा ऐकली की त्यांचे पाय अजून बंबाकडे धावायला बघायचे. जेवण घाईघाईत, झोप तुटक तुटक. रक्तदाबाची गोळी वाढवताना डॉक्टर म्हणाले होते, "शरीराला कळू द्या, आता कुठेही आग लागलेली नाही."

एरवी त्यांची बायको सुलभा ओरडायची, "अहो, आता कसली ड्युटी?" त्या दिवशी ती ओरडली नाही. उठून त्यांच्या मागे गेली आणि पाठीवर तळवा ठेवला. पाठ थरथरत होती. इतकी वर्षं हा माणूस उतावळा आहे असंच तिला वाटत आलं होतं. तो घाबरलेला असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"मुलं डबा खायला सुटलीत," ती हळूच म्हणाली. "श्वास सोडा. सावकाश. मी आहे इथे."

दिगंबररावांनी श्वास सोडला. मग आणखी एक. खांदे हळूहळू खाली आले. मग ते पुन्हा पानावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि चावत राहिले.

"भाजीत आज ओलं खोबरं घातलंस का गं?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून घालतेय," सुलभा म्हणाली आणि न विचारताच तिने आणखी भाजी वाढली.